डोंगर सुटण्याआधीचा खर्च

माझा धंदा आक्षेप घेण्याचा. मी सरकारी लेखापरीक्षक आहे. लोकांनी केलेला खर्च कसा चुकला हे त्यांना लेखी कळवण्याचा मला पगार मिळतो. ही खोड घरीही सुटत नाही. वाण्याच्या बिलावर मी पेन्सिलीने खुणा करतो आणि तृप्ती म्हणते, "अरे, निदान कोथिंबिरीला तरी सोड." तृप्ती माझी बायको, चांदघळ तालुक्याची तहसीलदार. एकीने सरकारचा पैसा खर्चायचा आणि दुसऱ्याने का खर्चला म्हणून विचारायचं, असा आमचा संसार. तो इतकी वर्षं टिकला, कारण ती घाटात असते आणि मी पुण्यात.

त्या वर्षी गौरीजेवणाला मी रजा टाकून तिच्याकडे आलो होतो. सकाळपासून मला पुरणयंत्राला जुंपलं होतं. आठवडाभर धो धो कोसळून पाऊस थांबला होता आणि बाहेर असं लख्ख ऊन पडलं होतं की ओट्यावरच्या भांड्यांकडे बघवत नव्हतं. तृप्ती तोंडात टाचण्या धरून गौरीला साडी नेसवत होती. एवढ्यात तिचा फोन वाजला, पण नेहमीसारखा नाही. कुणी दारावर बोटाच्या पेराने हळूच टकटक करावी तसा आवाज आला. तृप्तीने टाचण्या काढून ताटलीत ठेवल्या.

"कानोसा," ती म्हणाली. "उंबरवाडी."

"आज? एवढ्या उन्हात?"

"ड्रायव्हर सणाला गावी गेलाय. गाडी तू काढ."

पुरणाचं पातेलं शेजारी पोचतं केलं, गौरीपुढे दिवा लावला आणि निघालो.

कानोसा म्हणजे काय हे आता शाळकरी पोरंही सांगतात. मला ते समजायला वेळ लागला, म्हणून मला समजलं तसं सांगतो. गावोगावी इंटरनेट पोचवायला घाटरस्त्यांच्या कडेने काचेच्या तंतूंची केबल पुरलेली आहे. त्या तंतूतून प्रकाशाचा एक ठोका सोडला की तो पुढे धावतो, पण काच कधीच पुरती निर्मळ नसते. तिच्यातल्या सूक्ष्म कणांवर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. जमीन केसाच्या जाडीच्या एखाद्या हिश्श्याने जरी ताणली गेली, तरी त्या माघारी येणाऱ्या प्रकाशाचा ताल बदलतो, आणि तो किती वेळाने आला यावरून ताण नेमका कुठे पडला तेही कळतं. म्हणजे आपण सिनेमे बघायला पुरलेली केबल डोंगराला लावलेला लांबच लांब कान निघाली.

डोंगर काही न सांगता येत नाही. आधी तो कुरकुरतो. आत मातीचे कण एकमेकांवर घासतात, मुळं तुटतात, थर जरासा सरकतो. पूर्वी ही कुरकुर एसटीच्या, म्हशींच्या आणि डीजेच्या आवाजात हरवून जायची. मग यंत्राला वर्षानुवर्षांच्या नोंदी ऐकवून शिकवलं, की ही म्हैस, हा ट्रक आणि हा डोंगर. उन्हाचं म्हणाल तर त्याने वरची माती वाळते, पण मुरलेला पाऊस आत खाली उतरतच असतो. तो खडकावरच्या चिकणमातीपाशी जाऊन अडतो, तिथे पाण्याचा दाब वाढतो आणि वरचा सगळा थर तेल लावलेल्या पाटावर बसल्यासारखा होतो. म्हणून दरड कधी कधी कोरड्या दिवशी येते, सगळे गाफील असताना.

या कानोशामुळेच खर्चाची ती जुनी मर्यादा गेली. पूर्वी आपत्तीत दहा लाखांवर खर्च जायचा असला की राजधानीतून सही लागायची. माणसं पाण्यात असोत नाहीतर मातीत, कागद आधी वर जायचा आणि मग सावकाश खाली यायचा. यंत्र काही तास आधी सांगणार आणि सही काही आठवड्यांनी येणार, म्हणजे वरातीमागून घोडं. एका पावसाळ्यात अगदी तसंच झालं, माणसं गेली, विधानसभेत गदारोळ झाला आणि मर्यादा काढून टाकली. आता कानोशाने धोका ठरलेल्या पातळीच्या वर दाखवला की तालुक्याच्या आपत्ती निधीचं कुलूप आपोआप उघडतं. जीव वाचवायला तहसीलदाराने लागेल तेवढं खर्चावं, कोणाला विचारू नये.

माझा याला विरोध होता. निधीचं चराऊ कुरण होईल, असं मी ऑफिसात बोललो होतो आणि तृप्तीलाही ऐकवलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "तू कधी शाळेच्या फरशीवर अख्खं गाव झोपवलंयस?" मी झोपवलं नव्हतं.

कचेरीत सुट्टीचा शुकशुकाट होता. अव्वल कारकून जगदाळे तेवढे कपाळाला गंध लावून हजर होते. पडद्यावर उंबरवाडीचा डोंगर दिसत होता आणि त्याच्या पोटात लाल पट्टा. भूशास्त्रज्ञ डॉक्टर कानविंदे फोनवर होत्या.

"केव्हा येईल?" तृप्तीने विचारलं.

"ते कळलं असतं तर मी मठ काढला असता," बाई म्हणाल्या. "शक्यता ऐंशी टक्क्यांच्या आसपास. आज, उद्या, फार तर परवा. आणि सगळी वाडी वाटेत आहे."

तृप्ती उभ्यानेच सांगायला लागली. माणसांना बस. नवं मंगल कार्यालय आज आणि उद्या. गाद्या. आचारी असा, की जो पुरणपोळी करतो. गुरांना टेम्पो, बाजारतळावरची शेड, चारा. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात एकेका शब्दाखाली लाल रेघ ओढत होतो. दरडग्रस्तांना पुरणपोळी? आणि अजून दरड तर आलीच नव्हती.

जगदाळ्यांची बोटं भराभर चालायला लागली. जगदाळे हे तुकडे पाडण्यातले कलावंत. मर्यादा होती तेव्हा ही विद्या प्रत्येक कचेरीत असायची. एका कामाचे इतके बारीक तुकडे करायचे, की एकही तुकडा दहा लाखांना टेकू नये. चोर हे चोरीसाठी करायचे आणि भले लोक काम व्हावं म्हणून करायचे. जगदाळे भले. हॉल वेगळा, जेवण वेगळं, भांडी वेगळी, इकडच्या बस वेगळ्या आणि तिकडच्या वेगळ्या. पाहता पाहता हुकमांची चळत लागली. आयुष्यभर असले तुकडे पकडत आलेल्या माझ्यासारख्या माणसालाही हातातली सफाई बघून कौतुक वाटलं.

मग पडदा पिवळा झाला आणि संगणकातली बाई शांतपणे म्हणाली, "एकाच घटनेच्या खर्चाचे तुकडे आढळले आहेत. सर्व हुकूम रोखण्यात आले आहेत."

मर्यादा काढताना सरकारने एवढी एकच अट ठेवली होती. एक घटना, एक हुकूम, एक जबाबदार नाव. तुकडे दिसले की यंत्राच्या लेखी ती चोरी. जगदाळ्यांना हे तोंडपाठ होतं, त्यांनी याची दोन प्रशिक्षणंही केली होती.

"मॅडम, हात आपोआप गेला हो," ते म्हणाले आणि खुर्चीतच खचले.

तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन आला. त्याच्या मोबाइलवर भाडं जमा झालेलं दिसलं होतं आणि लगेच परत गेलं होतं. "सणासुदीची काय चेष्टा लावलीय का वो?" असं म्हणून त्याने गाड्या माघारी वळवल्या होत्या.

"त्यांना थांबवा," तृप्ती म्हणाली. "हे सगळं रद्द करा. एकच हुकूम काढा."

सगळं एकत्र झाल्यावर खाली जो आकडा आला तो बघून जगदाळ्यांनी चष्मा काढून पुसला. तुकड्यांत असताना तो खर्च कचेरीचा वाटत होता. एकत्र आल्यावर तो तिचा झाला. तिने अंगठा पुढे केला आणि मधेच थांबवला.

"हेमंत, डोंगर नाही आला तर?"

"तर आक्षेप निघेल."

"कोण काढेल?"

"माझ्याच ऑफिसातलं कोणीतरी. पहिला गुरांच्या टेम्पोवर. कायद्यात जीव म्हणजे माणसाचा जीव. जनावरांचं खातं वेगळं, त्यांचा निधी वेगळा. तेवढं काढून टाक. बाकीचं मी म्हणतो निभावेल."

मी हे प्रेमाने म्हणालो होतो. तिची नोकरी जाऊ नये, पगारातून वसुली लागू नये, एवढीच माझी इच्छा. तिला ते कळलंही असावं.

"दोन वर्षांमागे याच वाडीला शाळेत आणलं होतं," ती म्हणाली. "मर्यादेत बसेना म्हणून गुरं वरच ठेवली. पहाटे धार काढायला सगळे पुरुष परत वर गेले. मी रस्त्यात आडवी उभी राहिले, तर माझ्या बाजूने निघून गेले. त्या दिवशी डोंगर आला नाही, म्हणून मी आज इथे उभी आहे."

संगणकातल्या बाईने विचारलं, "जबाबदार नाव?"

"तृप्ती हेमंत डोईफोडे."

तिने अंगठा टेकवला. तिच्या नावात मधे माझंही नाव गेलं, हे मला तेव्हा फार जाणवलं.

उंबरवाडी डोंगराच्या मांडीवर वसलेली. आम्ही पोचलो तेव्हा घराघरांतून तळणीचा वास येत होता. वरती हिरवागार उतार उन्हात चमकत होता, इतका शांत की माझाच विश्वास उडाला. बस बघून माणसं जमली, पण चढायचं नाव कुणी घेईना.

बचत गटाच्या इंदुबाई शेळके पुढे आल्या. वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. हाताला बेसन लागलेलं, कपाळ घामाने डबडबलेलं.

"म्याडम, आवं ऊन बगा की जरा! ह्या उनात डोंगर यील का?"

"येईल असं यंत्र म्हणतंय, इंदुताई."

"यंत्राला काय ठावं? गेल्या टायमाला बी तुमी असंच नेलं. शाळंत खिचडी खाऊन पोरांची पोटं बिघडली."

"आज खिचडी नाही. मंगल कार्यालय घेतलंय. पुरणपोळी आहे."

गर्दीत कुजबुज झाली. इंदुबाईंचे यजमान धोंडीराम गोठ्याच्या दाराशी म्हशीची वेसण धरून उभे होते. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस.

"म्हस?" ते म्हणाले.

"मागचे टेम्पो गुरांचेच आहेत, काका."

धोंडीरामांनी टेम्पोंकडे बघितलं, मग म्हशीकडे बघितलं, आणि तिला टेम्पोकडे घेऊन चालायला लागले. पुरुषांचा प्रश्न तिथेच मिटला. बायकांचा मात्र खरा प्रश्न पुढेच होता.

"आन् गौर?" इंदुबाई म्हणाल्या. "गौर बसलीया म्याडम. बसली की ती उठवत न्हाईत. उद्या घालवायची, तवाच हलवायची. तिला उपाशी ठिवून आमी तिकडं पोळ्या खायच्या व्हय?"

हुकमात सगळं होतं, पण हे कुठे लिहिणार? तृप्तीने चपला काढल्या आणि इंदुबाईंच्या घरात शिरून गौरीपुढे बसली. मी दारात उभा. डॉक्टर कानविंद्यांचा संदेश आला होता, आकडा अजून चढला होता. तो मी तिला दाखवला. तिने तो इंदुबाईंना दाखवला.

"इंदुताई, माझी पण गौर घरी एकटीच बसलीय, अर्धी साडी नेसून," तृप्ती म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा काय करू. पण इथे कुणाला ठेवून मी जाणार नाही."

इंदुबाई गौरीच्या मुखवट्याकडे बघत राहिल्या. मग पदराने हात पुसले.

"माहेरवाशीण हाय न्हवं ती," त्या हळूच म्हणाल्या. "दोन दीस माहेराला आलीया. माहेरात आल्याव पोर एकाच घरी जेवती का? चुलत्याकडं जेवती, मामाकडं जेवती. न्यायची तिला जेवायला. त्यात काय?" आणि दारात येऊन त्यांनी हाळी दिली, "ये बायानू! गौरी उचला! आज समद्यांच्या माहेरवाशिणी चुलत्याकडं जेवायला चालल्या!"

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. एकेका बाईने गौर दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बसमध्ये खिडकीची जागा दिली. मागून फराळाचे डबे, गणपती, कोंबड्या, टीव्ही. कोंबड्यांची सोय हुकमात नव्हती. त्या मी माझ्या गाडीत घेतल्या.

मंगल कार्यालयात दुपार कलली तेव्हा पंगत बसली. स्टेजवर, जिथे नवरा-नवरी बसतात, तिथे गौरी ओळीने मांडल्या होत्या. मला वाढायला लावलं होतं. मी हातात तुपाचं भांडं घेऊन फिरत होतो आणि माणसं निवांत जेवत होती; कुणी आग्रह करत होतं, कुणी उखाणा घेत होतं. शाळेतल्या निवाऱ्यांचे फोटो मी बिलांना जोडलेले पुष्कळ पाहिले होते. त्यांत कुणाचा चेहरा असा नसायचा.

आणि तेव्हा कानोसा गप्प झाला.

तृप्तीने मला हाताला धरून बाहेर नेलं. फोनवर आकडा उतरत होता. ऐंशीच्या वर गेलेला साठावर आला, मग चाळीसवर. कानविंदे बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोन शक्यता आहेत. एक, पाणी वाट काढून निघून गेलं आणि डोंगर स्थिरावला. दुसरी, थर केबलपासून सुटला, म्हणून केबलला आता त्याचा ताण लागत नाही. पहिली असेल तर घरी जा. दुसरी असेल तर तो आता कशालाच धरून नाही."

"कुठली आहे?"

"मला माहीत नाही, तृप्ती. खरंच नाही."

आत पुरुषांमध्ये बातमी पोचलीच. आकडा सगळ्यांच्याच फोनवर दिसतो. जेवण झालं, आता जाऊ की घरी, असं सुरू झालं. मीही तिला बाजूला घेतलं.

"आता थांबव हे," मी म्हणालो. "आकडा पातळीच्या खाली आहे. आत्तापर्यंतचा खर्च यंत्राच्या भरवशावर होता. यापुढचा फक्त तुझ्या भरवशावर. उद्याचा हॉल, उद्याचं जेवण, चारा, सगळं तुझ्या अंगावर येईल."

"एकदा उघडलेलं कुलूप उघडंच असतं ना?"

"असतं. म्हणून तर! कोणी अडवणारच नसेल तर आपणच थांबायला नको?"

"तू आत्ता नवरा आहेस की ऑफिस?"

"दोन्ही."

"मग ऑफिसला बाहेर बसव," ती म्हणाली आणि आत गेली.

मी खरोखरच बाहेर पायरीवर बसलो. रागावलो होतो, आणि त्याहून जास्त घाबरलो होतो. जुन्या मर्यादेत अधिकाऱ्यांची एक फार मोठी सोय होती, हे मला तिथे बसून कळलं. वर सही अडली आहे, माझ्या हातात काही नाही, असं म्हणून कुणीही अधिकारी रात्री झोपू शकत होता. ती सोय सरकारने काढून घेतली होती. आता चुकली तर तृप्तीच चुकणार होती, दोन्हीकडून. लोकांना परत पाठवून चुकली तर माणसं जाणार आणि ठेवून चुकली तर आयुष्यभर लोक तिला पुरणपोळीवाली तहसीलदारीण म्हणणार.

आतून तिचा आवाज ऐकू येत होता. ती खोटं काही सांगत नव्हती. आकडा उतरलाय, डॉक्टरांनाही माहीत नाही, मलाही माहीत नाही, असंच सांगत होती. "पण आज इथेच राहा. खर्चाची काळजी माझी. उद्या गौरी घालवू, मग बघू."

मग इंदुबाईंचा आवाज आला, "सांजच्याला पिठलं-भाकरी सांगा म्याडम. लई ग्वाड झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पुन्हा तसंच होतं. दरीपलीकडे डोंगर नीट उभा होता. चांदघळहून तो समोरच दिसतो, आणि सगळे येता जाता तिकडे बघून मग तृप्तीकडे बघत होते. ती डोळे चोरत होती. बायका गौरी घालवायच्या तयारीला लागल्या, नदीकडे मिरवणूक निघायची होती. जगदाळे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, काही वाचवता येईल का मॅडमना?" मी म्हणालो, बघू. माझ्या डोक्यात खुलाशाचा मजकूर तयार होत होता.

पहिली गौर उंबरठ्याबाहेर आली आणि जमीन हादरली.

आवाज नंतर आला. खडीचे शेकडो ट्रक एकदम ओतावेत तसा, आणि तो थांबेचना. समोर डोंगराची हिरवी कातडी सुटली आणि खाली घसरत गेली; झाडं उभीच्या उभी चालत निघाली होती. मग लाल धूळ उठली आणि तिच्यात वाडी दिसेनाशी झाली. धूळ खाली बसली तेव्हा तिथे वाडी नव्हती.

मग इंदुबाईंनी हातातली गौर सुनेकडे दिली आणि मोठ्याने एकेका घराचं नाव घ्यायला सुरुवात केली. त्यांना सगळी वाडी तोंडपाठ. प्रत्येक नावाला आवाज येत होता. हाय. हाय. समदी हाय. तृप्ती माझा दंड धरून उभी होती आणि प्रत्येक 'हाय'ला तिची बोटं जरा सैल होत होती.

शेवटी त्यांनी आपल्या घराचं नाव घेतलं. सून म्हणाली हाय, लेक म्हणाला हाय. धोंडीरामांचा आवाज आला नाही.

"आवं," इंदुबाई म्हणाल्या. मग पुन्हा, मोठ्याने, "आवं!"

"धोंडीतात्या तांबडं फुटताना पुलाकडं चालल्यालं मी बगितलं," गर्दीतून कुणी म्हणालं. "हातात इळा हुता."

पुलाच्या पलीकडे उंबरवाडीचा रस्ता. पुलावर होमगार्ड ठेवले होते, पण सणाचे दिवस; चहाला गेले असले तर? तृप्तीचा चेहरा पांढरा पडला. "मी सगळे आणले होते," ती म्हणाली. "हेमंत, मी सगळे आणले होते."

मी पळत सुटलो. कुठे ते ठरवलं नव्हतं, पण पाय बाजारतळाकडे वळले. ज्या माणसाने कालपासून एकच शब्द उच्चारला होता, तो म्हैस सोडून कुठे जाईल? मागून तृप्ती, तिच्या मागून इंदुबाई, निऱ्या हातात धरून.

शेडमध्ये गुरं बिथरून उभी होती. टोकाला ती म्हैस, तिच्यापुढे ओल्या गवताचा भारा, आणि भाऱ्याला टेकून, तोंडावर टोपी ठेवून धोंडीराम गाढ झोपलेले. सरकारी चारा म्हशीने हुंगून सोडून दिला होता. म्हणून हा गृहस्थ पहाटे पुलाच्या अलीकडून कोवळं गवत कापून घेऊन आला होता, आणि रात्रभर तिच्यापाशी जागल्याने तिथेच कलंडला होता.

इंदुबाईंनी त्यांची टोपी ओढली. "आवं ऊटा! डोंगर आला! घर गेलं समदं!"

धोंडीरामांनी डोळे उघडले. बायकोकडे बघितलं, मग मान वळवली.

"म्हस हितंच हाय की," ते म्हणाले.

इंदुबाईंनी दोन्ही हातांनी त्यांना छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे मारायला सुरुवात केली आणि मारता मारता हंबरडा फोडला. धोंडीराम मार खात बसून राहिले. मग त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले.

तृप्ती तिथेच चाऱ्याच्या पेंढीवर बसली. आधी हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. मी तिच्या शेजारी बसलो. म्हैस वाडीतच राहिली असती तर तो माणूस पहाटे विळा घेऊन पूल ओलांडून गेला असता, आणि त्याच्यामागून आणखी कितीतरी गेले असते. मी काढून टाक म्हणालो होतो तो टेम्पो शेडबाहेर उभा होता.

"बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस," मी म्हणालो.

तृप्तीने पदराने नाक पुसलं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो.